झडीतलं घर: रतनवाडीत चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

घोटीच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हा नुसती भुरभुर होती. बारी गाव मागे पडेपर्यंत तिची सर झाली, आणि शेंडीला उतरले तेव्हा झड लागली होती. झड म्हणजे नुसता मोठा पाऊस नव्हे. दिवसरात्र एकाच लयीत, न थकता, न उघडता पडत राहतो तो पाऊस. एसटी कळसूबाईच्या पायथ्यावरून गेली. १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण ते कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा खिडकीतून कळलं नाही.

रतनवाडी भंडारदरा धरणाच्या पाण्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. उघडीप असली की लाँचने जाता येतं. आज लाँच बंद होती. युरियाच्या गोण्या घेऊन निघालेल्या एका पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. मुतखेल, कोलटेंभे करत रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. दर वळणावर डोंगरावरून एखादा ओढा रस्त्यावर आलेला, आणि ड्रायव्हर प्रत्येक ओढ्याशी गाडी हळू करून पाण्याचा रंग बघायचा. पाणी तांबडं दिसलं तर पुढे घालायची नाही, असं त्याने सांगितलं. वर कुठेतरी माती सुटली असा त्याचा अर्थ. आज सगळे ओढे पांढरे होते.

या गावात मी आधी दोनदा आले आहे, दोन्ही वेळा हिवाळ्यात, रतनगडासाठी. पहाटे निघायचं, शिड्या चढायच्या, वरच्या नेढ्यात, म्हणजे खडकाला आरपार पडलेल्या भोकात, बसून वारा खायचा, संध्याकाळी उतरून जेवायचं आणि आडवं व्हायचं. ज्या घरात पाठपिशवी ठेवायचे त्या घराकडे मी नीट पाहिलंच नव्हतं, हे मनात राहून गेलं होतं. म्हणून या वेळी गड नको, घरातच राहायचं असं ठरवून जुलैत आले. ज्यांचं ते घर, त्या दादांना फोनवर नवल वाटलं. "ताई, आता काय बघाया येताय? काजवे तर गेले."

काजव्यांचे दिवस म्हणजे मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंतचे दोन-तीन आठवडे. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडंच्या झाडं तेव्हा लुकलुकतात. नराने मादीसाठी घातलेली ती साद असते, आणि गाड्यांचे दिवे त्यावर पडले की ती साद वाया जाते. एवढं समजलं तरी माणसं दिवे बंद करतील असं मला वाटतं. त्या दिवसांत दादांच्या घरी पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू होते, आणि आवणीच्या दिवसांत पाहुणे फारसे येत नाहीत.

दादांनी जुन्या घराच्या मागे नवी स्लॅबची खोली बांधली आहे. फरशी, पलंग, खोलीला जोडून बाथरूम. फोनवर मीच पहिला प्रश्न विचारला होता, "बाथरूम खोलीतच आहे ना?" आहे, आणि स्वच्छ आहे. पण संध्याकाळी वीज गेली आणि रात्री खोलीला घाम फुटला. भिंतीला हात लावला तर ओला. छताला थेंब धरलेले. छत गळत नव्हतं. चार दिवस सूर्य न पाहिलेल्या सिमेंटला माझ्याच श्वासाची वाफ लागून पाणी सुटत होतं. चादर ओलसर, उशी ओलसर, पुस्तकाची पानं मऊ पडलेली. खिडकी उघडावी तर ढग आत येत होता.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चला, जुन्या घरात चला. इथं तुम्हाला सर्दी हुईल." माझी पिशवी त्यांनीच उचलली.

उंबरठा ओलांडला आणि पहिल्यांदा जाणवला तो कोरडेपणा. बाहेर हातभर अंतरावर पन्हाळीखाली धो धो पाणी पडत होतं, आणि आत शेणाने सारवलेली जमीन पायाला कोमट लागत होती. बाकी दिवस मी जवळजवळ याच एका गोष्टीमागे होते: हे घर कोरडं कसं राहतं?

उत्तर कोणी एका दमात दिलं नाही. ते थोडं थोडं गोळा होत गेलं.

घराच्या भिंती कुडाच्या आहेत. कारवीच्या सरळ काठ्या एकाशेजारी एक उभ्या करून बांधलेल्या, त्यांच्यावर दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. निळ्याजांभळ्या फुलांचे डोंगर बघायला माणसं लांबून येतात, पण तिची काठी घरात अशी उभी असते हे बघायला सहसा कोणी येत नाही. अशी भिंत ओल शोषते आणि घराला ऊब मिळाली की ती सोडूनही देते. पश्चिमेच्या अंगाला, जिथून झड येते तिकडे, पेंढा आणि पाल्याचा जाड आडोसा बांधलेला. छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत येताना वाकावं लागतं. त्यामुळे पावसाचा मार भिंतीच्या पायापर्यंत पोहोचतच नाही. मधल्या खोलीला लागून गोठा. चार जनावरं, मध्ये फक्त अर्धी भिंत. रात्रभर त्यांच्या अंगाची ऊब इकडे येते आणि रवंथ करण्याचा आवाजही.

आणि या सगळ्याच्या मधोमध चूल. ती पहाटे पेटते आणि रात्री राखेखाली निखारे झाकून ठेवले जातात. आवणीच्या दिवसांत ती पूर्ण विझू देत नाहीत. चुलीच्या वर, हात पोचेल एवढ्या उंचीवर, बांबूची ताटी टांगलेली. खालच्या बाजूने काळी कुळकुळीत. तिच्यावर आधी उद्याची ओली लाकडं वाळत होती, त्यांच्या कडेला मक्याची कणसं, एक टोपली, दोन-तीन वाळके भोपळे. धूर ताटीतून वर जातो, माळ्यावरच्या भाताच्या कणगीभोवती फिरतो आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. बाहेरून बघितलं तर सगळं छप्परच हळूहळू वाफाळतंय असं दिसतं. या धुरामुळे वाशांना कीड लागत नाही, बियाण्याला भुंगा लागत नाही, लाकूड पेटायला तयार राहतं आणि घर सुकं राहतं. पावसाळ्याचे चार महिने काढायचे म्हणजे काय काय लागतं, याचा कोणीतरी फार बारकाईने विचार करून हे घर मांडलं आहे.

आजी दिवसभर चुलीपाशी बसून असतात. वय विचारलं तर म्हणाल्या, "कोण मोजतंय." मी त्यांच्याशेजारी पाट घेऊन बसले. त्यांनी नाचणीची भाकरी थापली. पीठ आधी उकडून घेतलेलं, म्हणून ती तव्यावर टाकताना तुटत नाही. सोबत फोडशीची भाजी. पहिल्या पावसानंतर डोंगरउतारावर उगवणारी ही गवतासारखी पानं वहिनी काल येताना तोडून घेऊन आल्या होत्या. धुऊन, मधला पांढरा दांडा काढून, कांदा आणि हरभऱ्याची डाळ घालून परतलेली. एक भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात. नको म्हटलं तर आजींना ऐकू येत नाही.

दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला जरा कमी झालं म्हणून दादांची घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन अमृतेश्वराला गेले. घोंगडी भिजते, जड होते, पण आतलं माणूस गरम राहतं. माझ्या महागाच्या रेनकोटने काल हे काम केलं नव्हतं.

शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं उभारली असं सांगतात, त्यातलं प्रवरेच्या उगमाचं हे देऊळ. प्रवरा रतनगडावर उगम पावते. तिला अमृतवाहिनी म्हणतात. हिवाळ्यात इथे मी कोरीव कामाचे फोटो काढले होते. आज दगड काळा होऊन चकाकत होता आणि शिखरावरून उतरणारं पाणी नक्षीच्या प्रत्येक खाचेतून वाट काढत खाली येत होतं. कुठलीही खाच तुंबलेली नव्हती. पाथरवटांनी नक्षी घडवताना पाण्याचाही विचार केला असेल का, असा प्रश्न मनात आला आणि मी बराच वेळ ओल्या दगडासमोर उभी राहिले. पलीकडे पुष्करणी काठोकाठ भरत आलेली. कोनाड्यांतल्या मूर्तींपैकी खालच्या अंगाच्या पाण्याला टेकल्या होत्या. देवळात दुसरं कोणीही नव्हतं. गाभाऱ्यात फक्त थेंबांचा आवाज.

परतताना धरणाचं पाणी दिसलं, राखाडी, पलीकडचा काठ नसलेलं. या धरणाचं, म्हणजे विल्सन धरणाचं, काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. त्याआधीही हा पाऊस असाच पडत होता, पण तेव्हापासून तो अडवून खाली कालव्यांनी नेला जातो. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडचा ऊस त्यावर उभा आहे. शेजारच्या घाटघरला वर्तमानपत्रवाले नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. एवढं पाणी ज्यांच्या छपरावर पडतं ते मात्र एकाच पिकाचे धनी आहेत, भाताच्या. उन्हाळ्यात इथल्या बायका पाण्यासाठी लांब चालतात, हे वहिनींनी रात्री सहज बोलता बोलता सांगितलं. मला ते सहज ऐकता आलं नाही.

रात्री माजघरात चटई, तिच्यावर वाकळ. निखाऱ्यांचा तांबूस उजेड छपराच्या काळ्या वाशांवर हलत होता. मी किती दिवसांनी अशी सलग झोपले ते आठवत नाही.

तिसरा दिवस, शनिवार

आज दादांच्या खाचरात आवणी. सावडीने काम चालतं. आज यांच्याकडे गावातल्या बारा-तेरा जणी, उद्या त्यांतल्याच एकीच्या शेतात वहिनी. मजुरीचा हिशेब नाही, दिवसाचा दिवस. पहाटेपासून दादा बैल घेऊन चिखलणी करत होते. औत फिरून फिरून चिखल लोण्यासारखा होतो, मग वरून फळी मारून तो सपाट करतात.

रोपं उगवतात ती राबाच्या तुकड्यात. एप्रिल-मेमध्ये त्या जागेवर शेण, पालापाचोळा, डहाळ्या, वर माती असे थर देऊन ते भाजतात. तणाचं बी जळतं, राख उरते, आणि पहिल्या पावसात तिथे भात फेकला की रोपं दाट आणि हिरवीगार येतात. तीनएक आठवड्यांनी ती उपटून, मुळांची माती धुऊन, पेंढ्याने बांधून त्यांच्या मुठी करायच्या आणि खाचरात फेकायच्या. चिखलात पडताना मूठ 'थप्' असा आवाज करते. त्या आवाजावरून बायकांना कळतं की चिखल नीट झालाय की नाही.

मी लावायला उतरले. वहिनींनी मला त्यांच्या डाव्या हाताला घेतलं. मूठ डाव्या हातात, उजव्या हाताने तीन-चार काड्यांची चूड वेगळी करायची, अंगठ्याने मुळाशी धरून चिखलात दाबायची आणि बोट बाहेर काढताना चिखल आपोआप बंद होऊ द्यायचा. खोल गेली तर फुटवे येत नाहीत. वर राहिली तर पाण्यावर तरंगते. माझ्या पहिल्या ओळीतल्या निम्म्या चुडी तरंगल्या. शेजारच्या बाई मागे न बघता एका हाताने त्या परत लावत गेल्या. कोणी काही बोललं नाही. दहा-बारा ओळींनंतर अंगठ्याला अंदाज आला: चिखल आधी ढिला लागतो, मग अर्ध्या बोटावर किंचित घट्ट होतो. तिथे थांबायचं. ती घट्ट जागा हाताला सापडली तेव्हाचा आनंद फार मोठा होता.

पाठ मात्र तासाभरात गेली. उलटं चालत, वाकून, पाठीवर पावसाचा मार घेत या बायका संध्याकाळपर्यंत काम करतात आणि मग घरी जाऊन चूल पेटवतात. पूर्वी पाठीवर इरलं असायचं, बांबूच्या कामट्यांचं आणि पाल्याचं. आता निळं प्लास्टिक. इरलं विणणारा गावात एकच उरलाय, आजींनी सांगितलं. त्यांचं स्वतःचं इरलं अजून गोठ्याच्या भिंतीला टांगलेलं आहे.

मी परत येऊन आजींजवळ बसले. मोठ्या खाचरांत आता इंद्रायणी जातीचा भात लावतात, त्याला भाव मिळतो. पण विहिरीजवळचं एक छोटं खाचर आजींनी काळभाताला राखून ठेवलंय. "ह्यो बाळंतिणीला, आजारी माणसाला," म्हणाल्या. ताटीवरची टोपली त्यांनी मला काढायला सांगितली. आत राखेत घोळवलेल्या बियांच्या पुरचुंड्या: घोसाळं, डांगर, वाल, घेवडा. कुठल्या पुरचुंडीत काय आहे हे त्या फडक्याच्या रंगावरून ओळखत होत्या. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आजी त्यांना 'आपली राहीबाई' म्हणतात. अशी टोपली जपणाऱ्या बायका या डोंगरांत आधीपासून होत्या. त्या कामाला मान मिळाला याचा आजींच्या आवाजात अभिमान होता.

मी भारावून बोलत राहिले, या घराबद्दल, धुराबद्दल, कुडाबद्दल. वहिनी पाय धुऊन आत आल्या होत्या आणि भाकरीला बसल्या होत्या. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "ताई, तुम्हाला घर आवडलं, बरं वाटलं. पण ही भिंत दरसाल कोण सारवतं? मीच ना. कौलं फिरवाया माणूस मिळत नाय. घुशी कूड पोखरतात ते येगळंच. आणि आत्याबाईंचे डोळे बघा."

मी बघितले. दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून होते आणि पदराने डोळे टिपण्याची त्यांची सवय मी नुसती सवय समजले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी पाणी थांबत नाही. पहाटे त्यांचा खोकला सुरू होतो तो मला गोठ्यातल्या आवाजांपैकीच एक वाटला होता. ज्या धुरावर मी दिवसभर बोलत होते, तो धूर या बाईने साठ-सत्तर वर्षं छातीत घेतला आहे. घर कोरडं राहण्याची किंमत सगळ्यांनी सारखी दिलेली नाही. चुलीशी जी बसली तिने दिली.

त्यानंतर मी गप्प बसले. वहिनींनी ताट वाढलं. हुलग्याचं शेंगोळं होतं, वर लसणाची फोडणी. "राग आला का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही वहिनी. मला कळलं नव्हतं." त्या म्हणाल्या, "जेवा गरम आहे तवर."

चौथा दिवस, रविवार

पावसाने सकाळी तासभर दम घेतला. ढग थोडा वर सरकला, गडाचा खालचा अर्धा भाग दिसला, त्यावर पांढऱ्या रेघांसारखे मोजून नऊ धबधबे. नेढं काही दिसलं नाही. कालच्या खाचरात माझ्या ओळी ओळखू येत होत्या, जरा वाकड्या, पण उभ्या होत्या. काडी पिवळी पडली की घाबरायचं नाही, दादा म्हणाले, आठवड्यात मूळ धरते आणि मग हिरवी होते.

पिकअप दहाला येणार होती. ओट्यावर चहा घेताना दादांनी जे विचारलं त्यासाठीच बहुधा त्यांनी सकाळपासून वेळ काढला होता. येत्या उन्हाळ्यात जुनं घर उतरवायचं आणि त्या जागी स्लॅबच्या आणखी दोन खोल्या काढायच्या, असा त्यांचा विचार आहे. काजव्यांच्या मोसमात चार पैसे जास्त मिळतील. "पण तुम्ही तर नवी खोली सोडून हिथं झोपलात. मग काय करावं माणसानं?"

हे घर ठेवा असं म्हणणं मला सोपं होतं. मी चार दिवस राहून ठाण्याला जाणार, तिथे माझ्या गॅसला धूर नाही. काल रात्रीपासून मनात जे जमत होतं तेच सांगितलं: भिंती, छप्पर, गोठा राहू द्या. चुलीला वर धुराडं काढा, धूर माळ्यावरून फिरून बाहेर जाईल असं. माजघरात चौघांची झोपायची सोय करा आणि त्याचे पैसे नव्या खोलीएवढेच घ्या. संडास-बाथरूम अंगणापलीकडे आहे हे फोनवर आधीच सांगा. ज्यांना चालेल ते येतील. सारवायला आणि कौलं फिरवायला जो खर्च येतो तो भाड्यात धरा. हे काम वहिनी फुकट करतात म्हणून घर स्वस्त दिसतं.

दादा काही बोलले नाहीत. हिशेब करत असावेत. त्यांनी नव्या खोलीचे तीन रात्रींचे पैसे सांगितले. मी त्यातल्या दोन रात्री वहीत जुन्या घराच्या नावावर लिहायला लावल्या आणि पैसे वहिनींच्या हातात दिले. आजींनी घोसाळ्याच्या बियांची एक पुरचुंडी माझ्या पिशवीत घातली. बाल्कनीतल्या कुंडीत ते येईल का, विचारलं तर म्हणाल्या, "ऊन दे. पाणी कमी दे."

खालून पिकअपचा हॉर्न वाजला. मी खोळ परत करून रेनकोट चढवला आणि पायरी उतरले. मागून वहिनींचा आवाज आला. दादांना म्हणत होत्या, "ते धुराडं मात्र आधी. उन्हाळ्याची वाट नको बघू. दिवाळीला सारवायच्या आधी बसलं पाहिजे, नायतर भिंत परत फोडावी लागंल."